तिवड्याभोवतीची फेरी

आजारी बैलापाशी गेले की गफूरभाई पहिल्यांदा त्याच्या मालकाला गप्प करीत. मालक बिचारा काकुळतीला येऊन सांगत असायचा, परवापासून चारा खात नाही, काल रवंथ केला नाही, कोणाची नजर लागली असेल. गफूरभाई हात वर करून म्हणत, "थांब ना बॉ. पयले ढोराले इचारू, मंग तुले." मग ते बैलासमोर उकिडवे बसत आणि काहीही न करता नुसते बघत राहत. पाच मिनिटं, कधी दहा. त्याच्या श्वासाचा वास घेत, कानाच्या मुळाशी हात लावत, आणि त्यानंतरच औषधांची पिशवी उघडत. "ढोर खोटं नाई बोलत. मालक बोलते," असं मालकाच्या तोंडावर सांगत, आणि गंमत म्हणजे त्याचा कोणाला राग येत नसे.

शेख गफूर हे त्यांचं पूर्ण नाव, गाव दर्यापूर. घरी थोडी शेती, त्यात कापूस आणि ज्वारी. नागपूरला जाऊन गुरांच्या औषधपाण्याचं थोडंफार शिक्षण त्यांनी घेतलं आणि दर्यापूरच्या गुरांच्या दवाखान्यात चिकटले. कागदोपत्री ते डॉक्टर नव्हते. पण सगळा तालुका त्यांना ढोरडॉक्टरच म्हणायचा, आणि खरा डॉक्टर गावात आला तरी लोक विचारायचे, "गफूरभाई कुठी गेले?"

मी अमरावतीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. आमची ओळख माझ्या म्हशीमुळे झाली. म्हैस अडली होती, रेडकाचा एकच पाय बाहेर आलेला, आणि मी गोठ्यात नुसता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत बडबडत होतो. गफूरभाई दवाखान्याची औषधं न्यायला अमरावतीला आले होते, त्यांना कोणीतरी पकडून आणलं. त्यांनी बाह्या वर केल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, शाळेत पोरायले गप बसवता ना तुमी? आता तुमी बसा." मी बसलो. म्हैस सुटली, रेडकू जगलं, आणि त्या दिवसापासून गफूरभाई अमरावतीला आले की आमच्या ओसरीवर चहा प्यायल्याशिवाय परत गेले नाहीत.

त्यांचं सगळं दुखणं एकाच गोष्टीभोवती होतं. बुळकांडी. आजच्या वाचकाला हा शब्द ठाऊक नसेल तर त्याचं भाग्यच म्हणायचं. गुरांची महामारी होती ती. तोंड येतं, डोळ्यांतून पाणी गळतं, हगवण लागते, आणि आठवड्यात गोठा रिकामा होतो. त्यावर नवी लस निघाली होती, चांगली होती, पण ती जिवंत असायची बर्फात. बर्फ वितळला की लस मेली. आगगाडीनं बडनेऱ्याला येणारी लस, तिथून अमरावती, मग मोटारीनं दर्यापूर, इथवर ठीक. पण दर्यापूरच्या पलीकडे पूर्णेकाठची गावं म्हणजे काळ्या मातीतली गाडीवाट. बैलगाडी दिवसभर चालायची. चैत्र-वैशाखाच्या उन्हात बर्फ किती टिकणार?

"मास्तर, मले दोन घंटे पायजेत फकस्त," ते म्हणायचे. "दोन घंट्यात गावात पोचलो ना, एक ढोर मरू देनार नाई."

ते दोन तास त्यांना एका फटफटीत दिसले. गुरांच्या दवाखान्याच्या कमिटीनं कधीकाळी एका तपासनिसासाठी मोटारसायकल घेतली होती. तो तिच्यावरून दोनदा आपटला आणि मग बदली करून घेऊन निघूनच गेला. फटफटी अमरावतीच्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडली. गफूरभाईंनी परवानगी काढली, गोणपाट उचललं, जिनिंग फॅक्टरीतल्या एका फिटरला धरून महिनाभर खटपट केली आणि ती चालू केली. सुरू झाली तेव्हाही ते तिच्यासमोर उकिडवे बसले होते. मी चेष्टेनं म्हणालो, "गफूरभाई, हिला विचारलंत का काय होतंय ते?" तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "इचारलं. तिची हवा कोंडली होती."

पण गाडी चालू होणं वेगळं आणि ती मिळणं वेगळं. कमिटीचे चेअरमन आबासाहेब होते, मोठे जमीनदार, माणूस वाईट नाही, पण शब्दाला पक्का आणि डोक्याला जड. ते म्हणाले, "गफूर, हे यंत्र साहेबाच्या सडकेवर चालते. आपल्या नाल्यात अन् काळ्या मातीत फसते. अकोल्याच्या कमिटीनं मागितली हाय, तिकडं सडका बऱ्या. तिकडं जाऊ दे." गफूरभाई हट्टाला पेटले. शेवटी आबासाहेबांनीच तोडगा काढला. अमरावतीच्या मोटार क्लबाची फटफट्यांची शर्यत जवळ आली होती. ती वेगाची नव्हती. वडाळीपासून पोहऱ्याच्या टेकड्यांतून चांदूर रेल्वेच्या बाजूला, नाले, दगडवाटा, चढ-उतार यांतून गाडी न अडखळता न्यायची. "पयल्या तिघांत ये, गाडी दर्यापूरची. नाई तं अकोल्याची," आबासाहेब म्हणाले, आणि चार लोकांदेखत म्हणाले.

या शर्यतीची गंमत अशी होती की पळायचं नव्हतंच. वाटेत दहा-बारा कठीण जागा ठरवून, दोन्ही बाजूंना झेंड्या लावून ठेवलेल्या. त्या जागेतून जाताना पाय जमिनीला टेकला की एक गुण कापायचा. गाडी थांबली की पाच. जागा टाळून बाहेरून गेलात की दहा. ज्याचे कमी कापले जातील तो पहिला. प्रत्येक जागी एक माणूस वही-पेन्सिल घेऊन उभा. त्यासाठी क्लबाला इंग्रजी लिहिणारी माणसं हवी होती, म्हणून त्यांनी आमच्या हेडमास्तरांकडून सहा मास्तर उसने मागितले. त्यात मी.

गफूरभाई मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत दोन महिने सराव करीत होते. नाल्यातल्या वाळूत, नांगरलेल्या ढेकळांत, बैलगाडीच्या चाकोरीत. पाय टेकला की स्वतःच्या मांडीवर थाप मारायचे. टाकीजवळच्या गिअरच्या दांड्याला हात लावताना तोंडानं काही पुटपुटायचे. पडले, खरचटले, एकदा ढोपर इतकं सुजलं की नमाजाला बसता येईना. मी म्हटलं, पुरे आता. ते म्हणाले, "काहून पुरे? ते ढोरं तिकडं वाट पाहून राहिले."

शर्यतीच्या दिवशी माझी जागा शेवटून दुसरी होती. पोहऱ्याच्या पलीकडे एका शेतातलं खळं.

ही जागा कोणी निवडली ते मला नंतर कळलं. क्लबाचा सेक्रेटरी एका जिनिंग फॅक्टरीतला गोरा इंजिनिअर होता, हौशी, मेहनती माणूस. वाट आखत फिरताना त्याला हे खळं दिसलं. गोल, सपाट, शेणानं सारवून लखलखीत केलेलं, आणि बरोबर मधोमध एक खांब. खळ्यात कणसं पसरून त्यांवरून बैल फिरवतात ना, ते याच खांबाला बांधून. त्याला आपल्याकडे तिवडा म्हणतात. साहेबानं विचारलं, हा खांब कशाला? बरोबरच्या कारकुनानं सांगितलं, याच्याभोवती बैल फिरतात. साहेब खूश होऊन म्हणाला, मग मोटारसायकल का नाही! तिवड्याभोवती एक आखूड फेरी, पाय न टेकता. क्लबाच्या दृष्टीनं सगळ्या वाटेतली ही सगळ्यात सुबक जागा होती. शेतकऱ्याला पाटलामार्फत निरोप गेला. तो काय नाही म्हणणार?

मी पोचलो तेव्हा तो कडेला उभा होता, म्हातारा, धोतर खोचलेलं, अनवाणी. त्याच्या बायकोनं आदल्या दिवशीच खळं सारवलं होतं, दुसऱ्या दिवशी मळणी धरायची होती. खळ्यात कोणी पायताण घालून जात नाही, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. तिथे अन्न पडतं. पाटीलही कडेला जोडे काढतो. मी स्वतः वही घेऊन खळ्याच्या बाहेरच उभा राहिलो, आणि तेवढ्यानं आपण रीत पाळली असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

गाड्या येऊ लागल्या. पहिली गेली, तिच्या चाकानं सारवणाचे पापुद्रे उडाले. दुसरी घसरली, तिच्या स्वारानं बुटाची टाच रोवून तोल सावरला, मी एक गुण कापला. तिसरी, चौथी. साहेबलोक होते, एक पारशी तरुण होता, दोन आपल्याकडचे जमीनदारांचे मुलगे होते. त्या मुलांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं, पण गाडी आत घालून त्यांनीही फेरी पुरी केली. म्हाताऱ्याची बायको तोंडाला पदर लावून झोपडीत निघून गेली. आठ गाड्या झाल्या तेव्हा खळं पार उकललं होतं.

नववे गफूरभाई. मागच्या जागेवरून आलेल्या सायकलस्वारानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मास्तर, तुमचा ढोरडॉक्टर पहिला आहे! आतापर्यंत दोनच गुण गेलेत." ही फेरी आणि पुढचा एक नाला, बस. ते उतारावरून आले, उभ्यानं, गुडघे टाकीला घट्ट आवळलेले, अंगावर धुळीची पुटं. झेंड्यांच्या मध्ये आले आणि खळं बघून थांबले.

दोन्ही पाय टेकले. झाले पाच, मी मनात म्हटलं. चालतंय, अजून पहिल्या तिघांत आहेत. गफूरभाई खाली वाकले आणि सवयीनं बुटाची नाडी सोडू लागले. एक बूट काढला. दुसरा काढला. मग हातात बूट धरून गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघत राहिले.

पंचानं बोलायचं नसतं. मी बोललो. "गफूरभाई, वेडे झालात का? आत जा! आठ गाड्या गेल्यात, बघा तरी, काय राहिलंय त्यात? एक फेरी मारा आणि सुटा!"

त्यांनी मान वर केली. रागावलेले नव्हते. फार अडचणीत सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"माहे बूट निंगतीन, मास्तर," ते म्हणाले. "गाडीचे कसे काढू?"

आणि बूट हँडलला अडकवून त्यांनी गाडी ढकलत खळ्याच्या बाहेरून वळवली. बाहेर ज्वारीची धसकटं होती, नुकती कापलेली, सुरीसारखी. त्यातून ते अनवाणी चालत गेले. म्हातारा पुढे धावला, म्हणाला, "जाय ना बापू आतून, माहं काय उरलं हाय आता!" त्यांनी त्याला नुसता सलाम केला. पलीकडे जाऊन बूट घातले, किक मारली आणि गेले.

मी वहीत लिहिलं: फेरी केली नाही, दहा. पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा चाकूनं तासून पुन्हा लिहिलं. ते पाचवे आले.

आबासाहेबांना सगळी हकीकत कळली. ते हळहळले, गफूरभाईंच्या पाठीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं म्हणतात. पण चार लोकांदेखत दिलेला शब्द. फटफटी आगगाडीच्या डब्यात चढून अकोल्याला गेली आणि ऐकलं की बार्शीटाकळीच्या सडकेवर कोणी बाबू तिच्यावरून वसुलीला फिरायचा. मी गफूरभाईंवर भयंकर चिडलो होतो. ओसरीवर आले तेव्हा मी चहा दिला आणि चांगला तासभर तोंडसुख घेतलं. तुमच्या एका हट्टापायी गावंच्या गावं मरतील, असंही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. बशी खाली ठेवून म्हणाले, "मास्तर, पाय उचललाच नाई माहा. मी काय करू?"

बुळकांडी त्याच उन्हाळ्यात आली.

शाळेला सुट्टी लागली होती म्हणून मी त्यांच्याबरोबर गेलो. मला वाटतं, त्यांना एकटं जाऊ द्यायला मला धीर होत नव्हता. थर्मासमध्ये लसीच्या बाटल्या, त्यांभोवती बर्फ, थर्मासभोवती भुसा, वरून ओलं पोतं. दर्यापूरहून पहाटेच बैलगाडी जुंपली. गफूरभाई वाटभर पोत्यावर पाणी शिंपडत होते. नाल्यात गाडी फसली, चाकाला खांदे लावून काढली. पुढे एक बैल बसला. ऊन असं होतं की मडक्यातलं पाणीही कढत लागत होतं. गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता, आणि गावानं सगळी गुरं पिंपळाखाली ओळीनं बांधून ठेवली होती. कोणी डोळ्यांतून पाणी गाळणारी, कोणी अजून धडधाकट. लहान मुलं, बायका, म्हातारे, सगळे आमच्या गाडीकडे बघत होते.

गफूरभाईंनी थर्मास उघडला, आत बोट घातलं आणि तसेच उभे राहिले. बोट कोमट पाण्यात होतं.

"लस मेली," ते म्हणाले.

लोकांना कळेना. एक बाई पुढे आली, तिच्या हातात एका गाईचं दावं होतं, गाय गाभण होती. "मेली तं मेली, डॉक्टर," ती म्हणाली. "जे हाय ते टोचा. काई तरी टोचा ना." गफूरभाई म्हणाले, "बाई, पानी हाय हे." ती म्हणाली, "मंग पानी टोचा." आणि ते एवढ्या वर्षांत मी न पाहिलेलं करून बसले. गाईच्या पायाशी खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सुई त्यांनी काढली नाही. दुसरी लस घेऊन आम्ही आठ दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा पिंपळाखाली बांधायला फार गुरं उरली नव्हती. ती बाई दिसली नाही. मी विचारलंही नाही.

त्यानंतर गफूरभाई पंधरा वर्षं त्या दवाखान्यात होते. पुढे दवाखान्याला जीप मिळाली, सडकाही सुधारल्या, बर्फाचं यंत्र आलं. त्यांनी आमच्यात खळ्याचा विषय एकदाही काढला नाही, आणि मीही नाही. आम्ही म्हशींवर बोलायचो, पावसापाण्यावर, माझ्या ड्रॉइंगच्या परीक्षांवर. पुण्याहून आलेल्या एका इन्स्पेक्टरनं त्यांची भाषा ऐकून नाक मुरडलं तेव्हा म्हणाले होते, "ढोरायले समजते ना, झालं!" हसायचे पूर्वीसारखेच. फक्त आजारी जनावरासमोर आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसायचे.

त्यांची छाती बिघडल्याचं कळलं तेव्हा मी मोटारीनं दर्यापूरला गेलो. खाटेवर पडून होते, सुकून लहान झाले होते. बायकोला त्यांनी खुणेनं बाहेर पाठवलं. मला म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट इचारू? खरं सांगसान?"

"विचारा."

"मी चुकलो ना?"

कशाबद्दल, हे मी विचारलं नाही. ते बोलत राहिले, मध्ये मध्ये थांबत. "खळं तं उकललंच होतं. त्या बाईनं दुसऱ्या दिवशी पुना सारवलंच असंन. माह्या एका गाडीनं काय झालं असतं? अन् ते ढोरं... ते गाभन गाय, मास्तर. मले रोज दिसते ते. माह्या पायात बूट नोयते म्हनून ते मेली. तिले कोन सांगंन?"

ज्या उत्तरासाठी मी त्यांच्यावर तासभर ओरडलो होतो, ते उत्तर आता ते स्वतः माझ्या हातात ठेवत होते. आणि मला ते घेता येईना. मी म्हणालो, "गफूरभाई, त्या दिवशी नऊ माणसं तिथे आली आणि मी दहावा. तुम्ही सोडून आम्ही नऊ जणांनी, मी धरून, ते खळं पाहिलं आणि गप्प राहिलो. दहा गुण कापले ते माझ्याच हातानं. मी नुसती एक ओळ न लिहिता राहिलो असतो तरी..."

"नाई, नाई," ते घाईनं म्हणाले. "तुमी बरोबर लिवलं. खोटं लिवलं असतं तं गाडीवर बसलो नसतो मी."

मग मीच न राहवून विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, अजूनही आहे. म्हटलं, "आणि आज तेच खळं पुढ्यात आलं तर? आता सगळं ठाऊक आहे, गाय, गाव, सगळं. तर आतून जाल?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण ते ती वाट मनात पुन्हा चालत होते, कारण त्यांचे पाय पांघरुणाखाली किंचित हलले. मग त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून उशीवर गेलं.

"उतरीन मास्तर," ते म्हणाले. "पुना उतरीन. अन् मंग असाच रडीन."

चार दिवसांनी ते गेल्याचं पत्र आलं.